दर सोमवारी लोहाची गोळी, तरीही आदिवासी शाळकरी मुलांच्या अंगात रक्त कमी का?

समजा, एका आश्रमशाळेत आरोग्य पथक आलं आहे. सहावीतल्या दोन मुलींच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो. दोघींचं हिमोग्लोबिन ९ येतं. दोघींच्या कार्डावर एकच शब्द लिहिला जातो: अ‍ॅनिमिया. दोघींना सारख्याच गोळ्या मिळतात.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. पहिलीचं हिमोग्लोबिन १२ च्या जवळ पोहोचलेलं असतं. दुसरीचं मात्र जिथल्या तिथे.

दुसरीनं गोळ्या खाल्ल्याच नाहीत का? तसं असू शकतं. पण आणखी एक शक्यता आहे. तिच्या अंगात रक्त कमी होतं ते लोहाच्या कमतरतेमुळे नाही, दुसऱ्याच कारणामुळे. आणि ते कारण कुणी शोधलंच नाही.

उदाहरण कल्पित आहे, पण नंदुरबार, पालघर, मेळघाट, गडचिरोली या भागांतल्या शाळांसाठी प्रश्न अगदी खरा आहे. अ‍ॅनिमिया हा स्वतः एक आजार नसून आत काहीतरी बिघडल्याची खूण आहे. ताप आला की आपण विचारतो, कशामुळे? तोच प्रश्न इथे विचारायला हवा. म्हणूनच हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊया.

अ‍ॅनिमिया म्हणजे नेमकं काय?

आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवण्याचं काम ते करतं. हिमोग्लोबिन किंवा लाल पेशी कमी पडल्या की शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. या अवस्थेला अ‍ॅनिमिया म्हणतात. मराठीत रक्तक्षय किंवा पंडुरोग हे शब्द आहेत. गावात मात्र ‘अंगात रक्त नाही’ असंच म्हटलं जातं.

‘रक्त कमी’ म्हणजे रक्ताचं प्रमाण लिटरमध्ये घटलं, असा अर्थ बहुतेक वेळा नसतो. रक्त तेवढंच असतं, त्यातलं हिमोग्लोबिन कमी झालेलं असतं.

किती हिमोग्लोबिन असायला हवं? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये दर डेसीलिटर रक्तात ११.५ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर अ‍ॅनिमिया मानला जातो. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी ही रेषा १२ ग्रॅम आहे. शाळकरी वयात हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र अ‍ॅनिमिया.

अडचण अशी की मुलाचं हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जातं आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. त्यामुळे ९ हिमोग्लोबिन असलेलं मूल शाळेत येतं, मैदानावर धावतंही. फक्त लवकर दमतं. वर्गात जांभया देतं. फळ्यावरचं लक्षात राहत नाही. लोह कमी पडलं तर मुलांच्या एकाग्रतेवर आणि शिकण्यावर परिणाम होतो. मग असं मूल ‘आळशी’ किंवा ‘ढ’ ठरतं. त्याच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा खरं तर रक्ताच्या रिपोर्टवर लिहिला जायला हवा होता.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हा आकडा ५८.६ होता. महाराष्ट्रात तो ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या महिलांमध्ये अ‍ॅनिमियाचं प्रमाण ५७ टक्के होतं आणि आदिवासी महिलांमध्ये सुमारे ६५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एखाद्या लोकसंख्येत ४० टक्क्यांहून जास्त लोकांना अ‍ॅनिमिया असेल, तर ती सार्वजनिक आरोग्याची गंभीर समस्या असते.

आता हे आकडे पुन्हा एकदा वाचा. पाच वर्षांखालची मुलं आहेत. १५ वर्षांपुढच्या मुली आणि महिला आहेत. मधली कुठे गेली?

पहिली ते नववीतली मुलं, म्हणजे ज्यांना आपण शाळकरी म्हणतो ती, या सर्वेक्षणाच्या रक्त तपासणीत येतच नाहीत. त्यांच्याबद्दलची देशपातळीवरची चांगली माहिती मिळाली ती २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातून. त्यात ५ ते ९ वर्षांच्या २४ टक्के मुलांना आणि १० ते १९ वर्षांच्या २८ टक्के मुलामुलींना अ‍ॅनिमिया असल्याचं दिसलं. किशोरवयीन मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्के होतं, तर मुलग्यांमध्ये १८ टक्के.

दोन्ही सर्वेक्षणांचे आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. पहिल्यात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं होतं, दुसऱ्यात शिरेतून. बोटातल्या थेंबावरून केलेल्या मोजणीत अ‍ॅनिमियाचं प्रमाण बरेचदा जास्त दिसतं, असं तज्ज्ञ सांगतात. पण दुसऱ्या सर्वेक्षणातली एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. ५ ते ९ वर्षांच्या २४ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया होता, पण लोहाची कमतरता मात्र १७ टक्के मुलांमध्येच होती. म्हणजे सगळा अ‍ॅनिमिया लोहाचा नाही. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ या जीवनसत्त्वांची कमतरता, जुने संसर्ग, रक्ताचे आनुवंशिक आजार अशी इतर कारणंही असतात.

आदिवासी भागात ही इतर कारणं एकाच ठिकाणी, एकाच मुलात गोळा होण्याची शक्यता जास्त असते.

आदिवासी भागातच प्रमाण जास्त का?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी लोक राहतात. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण साधारण ९.४ टक्के आहे. आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळांमध्ये चार लाखांहून अधिक मुलं शिकतात. बाकीची मुलं जिल्हा परिषदेच्या आणि इतर शाळांत जातात. या मुलांच्या रक्तावर एकाच वेळी बऱ्याच बाजूंनी ताण येतो.

पहिली बाजू ताटाची. डोंगरातल्या जुन्या जेवणात नागली, वरई, कडधान्यं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, ओढ्यातले मासे आणि खेकडे असत. आज बऱ्याच घरांत रेशनचा भात आणि पातळ डाळ हेच मुख्य जेवण झालं आहे. पोट भरतं, पण लोह, प्रथिनं आणि बी-१२ पुरेसं मिळत नाही. शिवाय धान्य आणि भाज्यांमधलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. मांस, मासे यांतलं लोह तुलनेनं चांगलं शोषलं जातं.

दुसरी बाजू जंतांची. हुकवर्म म्हणजे अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. पुढे हे जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात. उघड्यावर शौच, अनवाणी चालणं आणि ओली जमीन या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे या जंतांना रान मोकळं मिळतं. अशा मुलाला कितीही लोह दिलं तरी त्यातलं काही जंतांच्या वाट्याला जातं.

तिसरी बाजू मलेरियाची. मलेरियाचा परजीवी लाल रक्तपेशींमध्येच वाढतो आणि त्या फोडतो. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये आदिवासींच्या आरोग्यावर अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साडेआठ टक्क्यांच्या आसपास असले, तरी मलेरियाचे सुमारे ३० टक्के रुग्ण आणि मलेरियाच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे आदिवासी असल्याचं त्यात नमूद आहे.

चौथी बाजू आनुवंशिक आजारांची, विशेषतः सिकलसेलची. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

आणि पाचवी बाजू आईची. आईला गरोदरपणात अ‍ॅनिमिया असेल तर बाळाचा जन्मतःचा लोहाचा साठाच अपुरा असतो. हा साठा पहिल्या सहा महिन्यांसाठी असतो. त्यानंतर वरच्या आहारातून लोह मिळायला हवं. ते मिळालं नाही तर मूल पहिलीत येतं तेच अ‍ॅनिमिया घेऊन. मुलगी असेल तर सातवी-आठवीत पाळी सुरू होते आणि दर महिन्याला रक्त जातं. कमी वयात लग्न झालं तर हीच मुलगी पुढच्या बाळाला अपुरा साठा देते. असं हे चक्र सुरू राहतं.

सोमवारच्या गोळीचं गणित काय आहे?

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ मोहीम सुरू केली. त्यात वयानुसार लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडचा डोस ठरवून दिला आहे.

५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी. तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं.

१० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं.

याशिवाय राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ही मोहीम २०१५ पासून सुरू आहे.

आठवड्याची गोळी बऱ्याच शाळांत सोमवारी, जेवणानंतर, शिक्षकांच्या समोर दिली जाते. ‘समोर’ हा शब्द महत्त्वाचा. हातात दिलेली गोळी खिशात, खिशातून दप्तरात आणि दप्तरातून कचऱ्यात जाऊ शकते.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. आठवड्याची गोळी ही प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. ज्या मुलाला अ‍ॅनिमिया झालेलाच आहे, त्याला आठवड्यातून एक गोळी पुरत नाही. मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य किंवा मध्यम अ‍ॅनिमिया असलेल्या १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना रोज दोन निळ्या गोळ्या, तीन महिने द्यायच्या असतात. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना वजनानुसार रोजचा डोस, दोन महिने. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असतं.

आणि त्याच सूचनांमध्ये आणखी एक पायरी आहे. एक महिना नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमनंही वाढलं नाही, तर मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं. सुरुवातीच्या उदाहरणातली दुसरी मुलगी इथेच सापडायला हवी होती.

मग घोडं पेंड कुठे खातं?

योजना कागदावर बरीच नीट आहे. अडचण तिच्या साखळीत आहे. तपासणी, उपचार, पुन्हा तपासणी, कारणाचा शोध अशा तिच्या चार कड्या आहेत. त्यातली पहिली कडी बहुतेक ठिकाणी जुळते. शाळकरी मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली होती. या कार्यक्रमाच्या पथकांनी सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करणं अपेक्षित आहे.

पण वर्षातून एकदा येणारं पथक महिन्याभरानं हिमोग्लोबिन वाढलं का, हे पाहू शकत नाही. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राचं. तिथून शाळा दहा-वीस किलोमीटरवर, पावसाळ्यात रस्ता बंद. गोळ्या संपल्या तर नवा साठा येईपर्यंत खंड पडतो.

मग सुट्ट्या. आश्रमशाळेतली मुलं दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी जातात. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. तीन महिन्यांचा उपचार मध्येच तुटतो. शाळेच्या रजिस्टरमध्ये मूल ‘गैरहजर’ असतं आणि आरोग्य खात्याच्या रजिस्टरमध्ये ते कुठेच नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे भीती. लोहाच्या गोळीनं काही मुलांना मळमळतं, पोटात दुखतं, शौचाला काळी होते. उपाशीपोटी घेतली तर त्रास जास्त. एका मुलाला उलटी झाली की वर्गातल्या इतरांनाही तसंच वाटू लागतं, तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गोळ्यांमधून विषबाधा’ असा मेसेज फिरतो आणि पुढचे कित्येक सोमवार गोळी कुणी घेत नाही. काळी शौच होणं हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे. तो विषाचा पुरावा नाही, हे आधीच सांगितलं तर निम्मी भीती कमी होते.

मात्र लोहाच्या गोळ्या निरुपद्रवी गोळ्या-बिस्किटं नाहीत. एकदम भरपूर खाल्ल्या तर लहान मुलांच्या जिवाला धोका होऊ शकतो. घरी दिलेल्या गोळ्या धाकट्या भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठेवायला हव्यात.

सिकलसेल: गोळीनं न बरा होणारा अ‍ॅनिमिया

निरोगी लाल रक्तपेशी गोल, मऊ आणि लवचिक असते. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनची रचनाच वेगळी असते. त्यामुळे पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि हातपाय, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसच. पेशी तयार होण्यापेक्षा जास्त वेगानं मोडतात, म्हणून अ‍ॅनिमिया होतो.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. महाराष्ट्रात नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजापासून मेळघाटातले कोरकू ते गडचिरोलीतल्या गोंड आणि माडियांपर्यंत तो आढळतो. विदर्भात आदिवासींखेरीज इतर काही समाजांतही त्याचे रुग्ण आहेत.

हा आजार संसर्गानं होत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलं तर मूल ‘वाहक’ होतं. वाहकाला सहसा त्रास नसतो आणि त्यामुळे अ‍ॅनिमियाही सहसा होत नाही. दोघांकडून आलं तर मूल ‘रुग्ण’ होतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या माहितीनुसार आदिवासी समाजात जन्मणाऱ्या दर ८६ बाळांमागे एकाला हा आजार असतो. हा आकडा दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवा. अ‍ॅनिमिया असलेल्या आदिवासी मुलांपैकी बहुतेकांना सिकलसेल नसतो. त्यामुळे ‘आदिवासींमध्ये सिकलसेल असतोच, रक्त कमी असणारच’ असं म्हणून हात झटकणं चूक आहे. पण ज्या एका मुलाला तो आहे, त्याला वर्षभर नुसती लोहाची गोळी देत राहणं म्हणजे त्याचं एक वर्ष वाया घालवणं.

अशा मुलासाठी उपचार वेगळे आहेत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करतं. फॉलिक अ‍ॅसिड, लसीकरण, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि संसर्ग झाल्यास लगेच उपचार याही गोष्टी लागतात. वेदनेनं कळवळणाऱ्या मुलाला ‘नाटक करतोय’ म्हणून पीटीच्या तासाला पळवणं धोक्याचं ठरू शकतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, हे शाळांना माहीत असायला हवं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. आधी सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की चाचणी करून मूल वाहक आहे की रुग्ण, हे ठरतं. दुसरी चाचणी झालीच नाही तर पहिलीचा उपयोग अर्धाच.

सिकलसेल असेल तर लोहाची गोळी घ्यायची की नाही?

याचं सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर नाही. सिकलसेलच्या मुलालाही आहारातून लोह कमी मिळत असेल तर कमतरता होऊ शकते. पण ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात लोह आधीच साचत जातं आणि ते हृदय, यकृत यांना घातक ठरू शकतं. म्हणून थॅलेसेमियाच्या आणि वारंवार रक्त दिलेल्या मुलांना प्रतिबंधक गोळी देऊ नये, अशी सूचना आहे. सिकलसेलच्या रुग्णाबाबत निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. शाळेनं किंवा घरच्यांनी स्वतःच गोळी चालू किंवा बंद करू नये. ताप किंवा जुलाब असलेल्या मुलालाही त्या आठवड्याची गोळी बरं वाटल्यावर द्यायची असते.

‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणजे काय?

रेशनच्या किंवा शाळेच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात आणि मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ असा व्हिडिओ व्हायरल होतो. तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल.

ते दाणे प्लास्टिकचे नसतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रावर तांदळाच्या आकाराचे दाणे तयार केले जातात. साधारण शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. याला पोषणयुक्त किंवा फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. रेशन आणि शालेय पोषण आहारातून तो देण्याची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी केली होती. हे दाणे वेचून फेकले की तांदळातलं वाढीव लोहही फेकलं जातं.

पण या तांदळावर टीकाही आहे. सगळ्यांना सारखंच वाढीव लोह देण्यापेक्षा ताटात विविधता आणा, असं काही पोषणतज्ज्ञांचं म्हणणं आहे. ताटाचं महत्त्व अंड्याच्या उदाहरणातून कळतं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवण्यात आला आणि लोकसहभागातून खर्च उभा करण्याची मुभा शाळांना देण्यात आली. शहरातल्या शाळेला लोकवर्गणी मिळेलही. मोखाडा किंवा धडगावच्या पाड्यावर ती कोण देणार?

बीट, गूळ, डाळिंब खाल्लं की रक्त वाढतं?

बीट लाल असतं म्हणून ते रक्त वाढवतं, असं नाही. बीट, डाळिंब, गूळ खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर ९ चं हिमोग्लोबिन १२ होत नाही. अ‍ॅनिमिया झालेला असेल तर औषध लागतंच.

रोजच्या जेवणात मदत करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. बाजरी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, आणि जे खातात त्यांच्यासाठी अंडी, सुकी किंवा ताजी मासळी, मटण, कलेजी. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांमधलं लोह जास्त शोषलं जातं. याउलट जेवणासोबत घेतलेला चहा हे शोषण कमी करतो. सकाळी कोऱ्या चहासोबत भाकरी खाणाऱ्या मुलाला चहा तासाभरानं दिला तरी फरक पडतो.

कोणती लक्षणं दिसली तर तपासणी करायची?

डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू, तळहात आणि जीभ फिकट दिसणं. थोडं धावलं की धाप लागणं. सतत झोपाळूपणा, चक्कर, डोकेदुखी. आणि एक लक्षण ज्यावरून मुलांना फक्त ओरडा बसतो: माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाणं. लोहाच्या कमतरतेत अशी इच्छा होऊ शकते. असं मूल दिसलं तर त्याला रागावण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन तपासा.

हातापायांची बोटं सुजणं, सांधे किंवा हाडं वारंवार दुखणं, डोळे पिवळे दिसणं, घरात कुणाला सिकलसेल असणं, यांपैकी काहीही असेल तर सिकलसेलची चाचणी सांगून करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती होऊ शकते. वाट आशाताईंना विचारता येईल.

पालक आणि शिक्षकांनी कोणते प्रश्न विचारायचे?

तुमचं मूल, तुमची भाची किंवा तुमच्या वर्गातलं एखादं मूल आदिवासी भागातल्या शाळेत असेल, तर तपासणीनंतर चार प्रश्न विचारा.

एक, हिमोग्लोबिन नेमकं किती आलं? ‘थोडं कमी आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. आकडा आणि तारीख लिहून घ्या.

दोन, दिलेली गोळी आठवड्याची आहे की रोजची? अ‍ॅनिमिया निघाला असेल तर रोजची हवी.

तीन, पुन्हा तपासणी कधी? महिन्याभरानं नसेल, तर का नाही?

चार, नीट गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही तर पुढे कुठे जायचं? जंतांची गोळी झाली का, मलेरिया पाहिला का, सिकलसेलची चाचणी झाली का?

सुट्टीत घरी किंवा स्थलांतराला जाताना उरलेल्या गोळ्या आणि तपासणीचा कागद मुलासोबत द्यायला सांगा. नव्या गावातल्या आरोग्य केंद्राला तोच कागद सगळं सांगेल.

हे प्रश्न विचारायला डॉक्टर असण्याची गरज नाही. शाळेत गोळीचं वाटप झालं की रजिस्टरमधला रकाना भरतो. पण त्या मुलीचं हिमोग्लोबिन महिन्याभरानं वाढलं की नाही, हे कुणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही.